एकट्यालाच ऐकू आलेलं उत्तर

ख्रिस्ती मंडळीत सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारी विनंती म्हणजे, "माझ्या निर्णयासाठी प्रार्थना करा." जरा खोलात शिरून विचारलं की कळतं, निर्णय कधीच झालाय. राजीनामा लिहून तयार आहे, किंवा होकार कळवून आठवडा उलटलाय. आता फक्त वरून शिक्का हवा आहे.

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात, ४२व्या अध्यायात, नेमकं हेच घडतं. यरुशलेम पडल्यावर मागे उरलेले लोक संदेष्ट्याकडे येतात आणि शपथेवर सांगतात की बरं असो वा वाईट, परमेश्वर म्हणेल तसं आम्ही करू. यिर्मया लगेच काही बोलत नाही. दहा दिवस जातात. मग वचन येतं: याच देशात राहा, मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ नका. त्यावर ते लोक यिर्मयालाच खोटं ठरवतात. असं का, ते कळायला एक अध्याय मागे जावं लागतं. ४१व्या अध्यायाच्या शेवटी हीच मंडळी मिसरला जायला निघून बेथलेहेमाजवळ मुक्कामाला थांबली होती. म्हणजे वाटेला लागल्यावर त्यांनी वाट विचारली होती.

म्हणून पहिली पायरी उत्तराची नाहीच, मनाची आहे. १९व्या शतकात ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर याच ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ देत. त्या विषयात स्वतःची इच्छा उरणार नाही अशा जागी आधी मनाला आणायचं. दहातल्या नऊ अडचणी इथेच असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. हे जमलंय की नाही हे तपासायची एक सोपी रीत आहे. कागदावर लिहा: "उत्तर 'नाही' आलं, तर उद्या सकाळी मी काय करीन?" हे वाक्य पूर्ण करता येत नसेल, तर अजून प्रश्न विचारायची वेळ आलेली नाही. तेवढ्याचसाठी आधी प्रार्थना करा: "प्रभू, मला 'नाही' ऐकायची तयारी दे." ही प्रार्थना कधीकधी महिनाभर चालते, आणि तो महिना वाया जात नाही.

दुसरं असं की सगळंच विचारायचं नसतं. क्षमा करावी का, घेतलेलं कर्ज फेडावं का, खोटी सही करावी का, याची उत्तरं शास्त्रात लिहूनच ठेवली आहेत. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल दोनदा 'देवाची इच्छा हीच आहे' अशा अर्थाचं सरळ बोलतो, चौथ्या अध्यायात पवित्रतेबद्दल आणि पाचव्यात उपकारस्तुतीबद्दल. लिहिलेली इच्छा बाजूला ठेवून न लिहिलेली शोधत बसलं की वर्षानुवर्षं हाती काही लागत नाही. कुणाशी अबोला धरून नव्या सेवेसाठी मार्गदर्शन मागत असाल, तर आधी तो अबोला मोडा. आणि दोन्ही वाटा चांगल्या असतील, कुणाचं नुकसान नसेल, तर देवाने दिलेली अक्कल वापरावी. याकोब १:५ मध्ये शहाणपण मागायला सांगितलंय, आणि मागून मिळालेलं शहाणपण हेसुद्धा मार्गदर्शनच आहे.

मग जे खरोखर विचारायचं आहे, ते नीट मांडून विचारावं. "माझ्या जीवनासाठी तुझी योजना काय?" हा प्रश्न ऐकायला भक्तिमान वाटतो, पण त्याचं उत्तर आलं तरी आपल्याला ओळखता येणार नाही. दावीद कसा विचारतो ते बघा. राजा शौल त्याच्या जिवावर उठलेला आणि तो कईला नगरात असताना (१ शमुवेल २३) त्याचे प्रश्न दोनच: शौल इथे येईल का? इथले लोक मला त्याच्या हाती देतील का? दोन्हींचं उत्तर 'हो' आलं, आणि तो आपली सुमारे ६०० माणसं घेऊन तिथून निघाला.

वहीचं एक पान पुरतं. सगळ्यात वर प्रश्न एका वाक्यात, 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल असा. उदाहरणार्थ, "जूनपासून दुसऱ्या शहरातली ही नोकरी घ्यावी का?" त्याखाली उत्तर कळवायची शेवटची तारीख. मग हा निर्णय कुणाकुणाला भोगावा लागेल त्यांची नावं, आईवडील आणि मुलंबाळं धरून. मग मला स्वतःला काय हवंय, ते प्रामाणिकपणे. शेवटी, मला भीती कशाची वाटते. ही शेवटची ओळ बहुतेक जण रिकामी सोडतात, किंवा तिथे एखादं वचन लिहून मोकळे होतात. वचन नको, भीतीच लिहा. "इथल्या मंडळीत मला कुणी विचारत नाही, म्हणून जायचंय" असं एखादं वाक्य तिथे उतरलं, तर अर्धं काम झालं.

आता दावीदाचीच आणखी एक जागा. २ शमुवेल ५ मध्ये पलिष्टी रेफाईम खोऱ्यात पसरतात. दावीद विचारतो, चढाई करू का? उत्तर: कर. तो जातो आणि जिंकतो. काही काळाने तेच पलिष्टी त्याच खोऱ्यात परत पसरतात. शत्रू तोच, जागा तीच आणि मागचं उत्तर ताजं. आपण असतो तर मागचीच चाल पुन्हा खेळलो असतो आणि तिला विश्वास म्हटलं असतं. दावीद पुन्हा विचारतो. या वेळी उत्तर उलटं येतं: समोरून जाऊ नकोस, वळसा घालून मागे जा, तुतीच्या झाडांसमोर थांब आणि शेंड्यांतून सैन्य चालल्यासारखा पावलांचा आवाज आला की मगच उठ. ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. हातात शस्त्रं घेतलेली माणसं झाडांपाशी दबा धरून बसली आहेत आणि त्यांचा राजा वर शेंड्यांकडे कान लावून आहे. आवाज येईपर्यंत कुणी हलायचं नाही. दुसऱ्याची साक्ष, म्हणजे देवाने त्याला कसं नेलं याचा अनुभव, ऐकून "मलाही देव असाच नेईल" म्हणणारे इथेच फसतात. साक्षीने विश्वास वाढवावा, पण तिच्यातून नकाशा उचलू नये.

वचन वाचण्याबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ उत्तर समजायची, ही सवय सोडा. येशूला मंदिराच्या माथ्यावर नेऊन मोहात पाडणाऱ्या सैतानानेही स्तोत्र ९१ मधलंच वचन वापरलं होतं. मत्तय ४:६ आणि स्तोत्र ९१:११ शेजारी ठेवून वाचलं की दिसतं, 'तुझ्या सर्व मार्गांत' हे शब्द त्याने गाळले. तुटलेलं वचन कुठल्याही मनाजोगत्या बाजूला वळवता येतं. त्याऐवजी एक पुस्तक धरा आणि सलग वाचा. मार्काचे १६ अध्याय रोज एक घेतले तर दोन आठवड्यांपेक्षा थोडे जास्त दिवस लागतात. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याला पुरतात. रोज तीनच ओळी लिहा: हे पहिल्या ऐकणाऱ्यांना काय सांगत होतं, यात देव कसा दिसतो, आणि आज झोपायच्या आत मला काय करायचंय. तिसऱ्या ओळीत तुमचा मोठा प्रश्न ओढून आणू नका. बहुतेक दिवशी तिथे लहान आज्ञा येईल: अमक्याला फोन कर, तमकं परत दे. ती पाळत गेलं की आवाज ओळखीचा होतो. 'तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे' असं स्तोत्र ११९ म्हणतं. तो तेलाचा छोटा दिवा आहे. त्याच्या उजेडात पुढचं पाऊल दिसतं, वळणापलीकडचं गाव दिसत नाही.

प्रार्थनेला अर्धा तास असेल तर पहिली पाच मिनिटं नुसतं गप्प बसा, दहा मिनिटं वचन, दहा मिनिटं बोलणं, शेवटची पाच पुन्हा गप्प. मोबाईल दुसऱ्या खोलीत. मन भरकटणारच. राहिलेलं बिल, न केलेला फोन आठवला की शेजारच्या कागदावर एक शब्द लिहून ठेवा आणि परत या. त्याच्याशी झगडत बसलं की अर्धा तास झगड्यातच जातो. उपास करत असाल तर सुरुवातीला एका जेवणाचा पुरे, पाणी प्यायचं, आणि त्या जेवणाचा वेळ प्रार्थनेला द्यायचा. तो वेळ कामात गेला तर ती नुसती उपासमार होते. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, औषधं चालू असतील, तर अन्नाचा उपास करू नये. दुसरं काहीतरी सोडावं.

शरीराचं म्हणणंही ऐकावं लागतं. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. होरेब डोंगरावरचा देवाच्या मंद वाणीचा शब्द त्यानंतर ४० दिवसांनी येतो. १६व्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संतांनी अशाच अनुभवातून एक नियम घालून दिला: मन उजाड झालेलं असताना, देव दूर वाटत असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. मध्यरात्री थकलेल्या डोक्यात जे "प्रभूचं मार्गदर्शन" येतं, ते वहीत लिहून ठेवा आणि पोटभर झोप झाल्यावर वाचा. खरं असेल तर ते सकाळीही खरंच असेल.

खुणा मागण्याबद्दल थोडक्यात. गिदोनाच्या लोकरीचा दाखला सगळे देतात (लोकर खळ्यात ठेवून दव फक्त तिच्यावरच पडावं, अशी खूण त्याने मागितली होती), पण शास्ते ६ मध्ये लोकर येते ३६व्या वचनात, आणि त्याला 'जा' म्हणून आज्ञा झाली आहे १४व्या वचनात. लोकर त्याच्या दुबळ्या विश्वासासाठी होती. देवाने ते सोसलं, पण ती पद्धत म्हणून शिकवली नाही. आपण खूण ठरवायची, आपणच तिचा अर्थ लावायचा आणि नाव मात्र देवाचं, यात कुठेच आपल्याबाहेरचं कुणी नाही.

आणि खरा मुद्दा इथूनच सुरू होतो. मार्गदर्शन आणि सहभागिता हे आपण दोन वेगळे धडे समजतो. एक पहाटे एकट्याने करायचा, दुसरा रविवारी सगळ्यांबरोबर. नव्या करारात ते असे वेगळे नाहीत. प्रेषितांची कृत्ये १६ बघा. पौल आणि त्याच्या सोबत्यांना आशिया या रोमी प्रांतात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियाकडे जाऊ दिलं जात नाही, त्रोवसात रात्री दृष्टान्त होतो. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. पण दहाव्या वचनात निष्कर्ष काढणारे 'आम्ही' आहेत. तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थच तुकडे एकत्र जुळवणं असा आहे. दोन बंद दारं आणि एक स्वप्न समोर ठेवून चारचौघांनी ते जुळवलं आणि मग तारू हाकारलं. अंत्युखियात तसंच: मंडळी उपास आणि उपासना करत असताना बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) सेवेसाठी वेगळे केले गेले. यरुशलेमेतल्या सभेत पुष्कळ वादविवाद झाला, साक्षी झाल्या, याकोबाने आमोसाचं वचन लावून दाखवलं, आणि पत्रात लिहिलं गेलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला हे योग्य वाटलं. तो 'आणि आम्हाला' लिहायला ते कचरले नाहीत.

सहभागितेसाठीच्या ग्रीक शब्दाच्या कुळातलाच शब्द लूक ५:१० मध्ये येतो, मासेमारीतले भागीदार म्हणून. शिमोनाची जाळी फाटायला लागली तेव्हा दुसऱ्या तारवातल्यांना खूण केली गेली. ते आले, दोन्ही तारवं भरली, इतकी की बुडायला लागली. सहभागिता म्हणजे हे. तुझं तारू बुडायला लागलं तर माझंही बुडू शकतं, तरी मी येतो. रोमकरांस १५:२६ मध्ये तोच शब्द गरीब पवित्र जनांसाठी काढलेल्या वर्गणीला वापरलाय. उपासनेनंतर दारात हात मिळवणं गोड आहे, पण तेवढ्यावर कुणी आपली वही उघडत नाही.

तर वही कुणापुढे उघडायची? तीन-चार माणसं पुरतात. लग्न झालेलं असेल तर सगळ्यांच्या आधी जोडीदार, आणि त्याला किंवा तिला निर्णय ऐकवायचा नसतो, प्रश्न दाखवायचा असतो. बाकीच्यांत एक जण विश्वासात मुरलेला, एक जण तुमचं घर आतून ओळखणारा, आणि एक असा की ज्याला या निर्णयातून कसलाच फायदा-तोटा नाही. पूर्वी कधीतरी ज्याने तोंडावर 'हे चुकतंय' सांगितलं, तो यांत असेल तर फारच बरं. राजा रहबामाने आधी वडीलधाऱ्यांना विचारलं, मग बरोबर वाढलेल्या सोबत्यांना, आणि जे ऐकायचं होतं ते निवडलं. राज्य दुभंगलं.

या बैठकीला दीड तास ठेवा. दोन दिवस आधी ते पान सगळ्यांना वाचायला द्या. सुरुवातीला एक स्तोत्र आणि शांतता, दहा मिनिटं. मग ज्याचा प्रश्न आहे त्याने पंधरा मिनिटं मांडायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. त्यापुढची चाळीस मिनिटं फक्त प्रश्न. सल्ला नाही, वचनांचा मारा नाही, "माझ्या मेहुण्याचंही असंच झालं" नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांमध्ये ही रीत फार जुनी आहे. सुरुवातीला ती लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यांसाठी वापरली जाई. प्रश्न असा असावा की ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधी माहीत नाही. "तुला असं नाही का वाटत की घाई होतेय?" हा प्रश्नाचा सदरा घातलेला सल्लाच आहे. "नकार दिलास तर सगळ्यात आधी कुणाला तोंड द्यावं लागेल?" हा खरा प्रश्न. "पगाराबद्दल भराभर बोललीस आणि मुलांचं नाव आल्यावर थांबलीस, तेव्हा मनात काय आलं?" हाही. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. अर्धा मिनिट शांतता खूप लांब वाटते, पण खरं वाक्य बऱ्याचदा त्या शांततेनंतरच येतं. एकाने सगळं लिहून घ्यावं. पुढची दहा मिनिटं प्रत्येकाने आपण काय ऐकलं एवढंच सांगावं, आणि उरलेला वेळ त्या माणसासाठी प्रार्थना, त्याचं नाव घेऊन. निर्णय त्याच बैठकीत होऊ नये. कागद त्याच्या हाती द्या आणि त्याला घरी जाऊ द्या.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं, कारण बिघडल्यावर माणसं मंडळीच सोडतात.

पहिलं म्हणजे गुप्तता. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच घरी पोचते, "त्यांच्यासाठी प्रार्थना करा हं" अशा शब्दांत. नियम कडक हवा: ज्याची गोष्ट, त्याच्या परवानगीशिवाय बाहेर एक शब्द नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. दुसरं, "प्रभूने मला तुझ्याविषयी सांगितलं." १ राजे १३ मध्ये बेथेलचा म्हातारा संदेष्टा नेमकं असंच बोलला, देवदूताचं नाव घेऊन, आणि ते खोटं होतं. ज्याला तो हे बोलला, तो देवाचा माणूस स्वतःला मिळालेली स्पष्ट आज्ञा सोडून त्याच्याकडे जेवायला गेला आणि परतताना मेला. म्हणून कुणाला काही जाणवलंच तर त्याने म्हणावं, "मला असं जाणवतंय, तू पारखून बघ." संदेशांचा धिक्कार करू नका आणि सगळ्याची पारख करा, हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या त्याच पत्रात शेजारी-शेजारी आहे. पण औषधं बंद कर, बचत माझ्या हाती दे, घरच्यांशी संबंध तोड, असा संदेश आला तर पारखत बसायचंही कारण नाही. तो नाकारा आणि त्याच आठवड्यात मंडळीतल्या वडीलजनांपुढे ठेवा.

तिसरं, पाळकाच्या (पास्टरच्या) शब्दालाच देववाणी समजणं. याने पाळकाचंही नुकसान होतं. दावीदाला मंदिर बांधायचं होतं, तेव्हा संदेष्टा नाथान म्हणाला, मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री परमेश्वराने नाथानालाच दुरुस्त केलं, आणि तो राजाकडे जाऊन आधीच्या बोलण्याच्या उलट बोलला. खरा संदेष्टाही घाईत चुकतो. "काल मी बोललो ते माझं होतं" असं म्हणू शकणारा पाळक मिळाला, तर त्याला जपा.

मंडळी लांब असेल, आजारपणाने घर सुटत नसेल, तर दोघं पुरतात. आठवड्यातला एक दिवस आणि वेळ ठरवून फोन करा, आणि तो मोडू नका. अनियमित अर्ध्या दिवसापेक्षा नियमित वीस मिनिटं जास्त टिकतात.

सगळं नीट करूनही एकमत होत नाही, असंही होतं. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये, कैसरीयात फिलिप्पाच्या घरी अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेमेत काय होणार ते सांगितलं. 'जाऊ नकोस' हे त्या संदेशात नव्हतं. ते तिथल्या भावांनी, आणि हे लिहिणारा लूक स्वतःलाही धरून सांगतो, आम्ही सगळ्यांनी, रडत जोडलं. पौल ऐकेना. तेव्हा ते गप्प झाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो म्हणाले. पुढच्या दोनच वचनांत पौल आणि त्याचे सोबती सामानसुमान घेऊन निघतात, आणि कैसरीयातले काही शिष्य त्यांच्याबरोबर जाऊन, पौलाला उतरायला जागा म्हणून, म्नासोन नावाच्या जुन्या शिष्याच्या घरापर्यंत पोचवतात.